बुद्धवाड्याचा आड

लातूर जिल्ह्याला वर्ष होत आलं, म्हणून गावाने स्मरणिका काढायचं ठरवलं. इतिहासाचं पान चांगुणाच्या गळ्यात पडलं. अहमदपूरच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. सगळ्यांना वाटलं, पुराव्याशिवाय लिहिणार नाही ती.

तिनं लिहिलं : ‘बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव बुद्धवाड्याच्या आडाचं पाणी प्यायलं.’ समितीचे अध्यक्ष साहेबराव यांनी नेमक्या त्याच ओळीवर काट मारली.

“कोण सांगितलं हे?”

“माझ्या आईनं. ती तेव्हा तिथंच होती.”

“आन् आमची माय नदीत झिरे खोदून पाणी आणायची. आता ती न्हाई, पण म्या तिच्याच तोंडून ऐकलंय. तुमच्या आईचं, धुरपताबाईचं, वय झालं, बाई. पुरावा दाखवा, छापू.”

घरी हे कळल्यावर धुरपताबाईने भाकरीचं ताट सारलं. “म्हणजे म्या खोटं बोलून राहिले का गं?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चांगुणा अहमदपूरच्याच सार्वजनिक वाचनालयात गेली आणि ‘लातूर जिल्हा’ लिहिलेलं कपाट उघडून बसली. आत एक पातळ फाईल होती, बाकी धूळ.

ग्रंथपाल वीरण्णा चष्म्यावरून बघत हसला. “बाई, लातूर कालचं लेकरू हाय. बहात्तरला आपण उस्मानाबादेत होतो की! छप्पनच्या आधीचं पाहिजे तर बिदर म्हणून शोधा. गाव जागचं हललं न्हाई, जिल्हेच बदलून राहिले.”

तिला आपलंच हसू आलं. मग उस्मानाबादच्या कपाटातले बांधीव साप्ताहिकांचे गठ्ठे निघाले. पाझर तलावाची कामं, मजुरांना सुकडीचं वाटप, टँकर. रोज संध्याकाळी थोडं थोडं ती चाळत गेली. आपण काय शोधतोय हे विसरायला व्हावं इतकं त्यात गुंतायला होत होतं.

आणि एके दिवशी तो फोटो सापडला. ‘पाण्यासाठी झुंबड, उस्मानाबाद जिल्हा.’ गावाचं नाव नव्हतं. पण आडाच्या काठावर सिमेंटचं धम्मचक्र होतं; धर्मांतरानंतर तिच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं. आड तोच, शंका नको. बायका मात्र सगळ्या पाठमोऱ्या, डोक्यावर पदर.

बाजार समितीत माल घातला की साहेबराव वाचनालयात पेपर वाचायला यायचे. तिने गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

“काका, हा आमचा आड.”

“हाव, आड तुमचाच. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? पण बाया बी तुमच्याच वाड्यातल्या असतील.”

मुद्दा बरोबर होता. तिला तो खोडता येईना. ती गठ्ठा मिटायला लागली, तर साहेबरावांनी हात आडवा घातला. फोटो खिडकीजवळ नेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले. कडेची एक बाई घागर डोक्यावर घेऊन निघाली होती. मागे उघडं आभाळ असल्याने घागरीचा काठ स्पष्ट दिसत होता आणि त्याचा भाकरीच्या कोरीएवढा तुकडा गेलेला होता.

ते पायात चपला सरकवून निघून गेले.

“गेले! आता पेपर वाचायला दुसरं गाव बघतील,” वीरण्णा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबराव आले ते काखेत धोतराने बांधलेलं गाठोडं घेऊन. वाचकांच्या टेबलावर त्यांनी ते सोडलं. आत तांब्याची घागर.

“अहो, लायब्ररीत भांडीकुंडी चालत न्हाईत,” वीरण्णा ओरडला. पण सगळ्यात आधी वाकला तोच.

चांगुणाने घागर फिरवून फिरवून फोटोतल्या कोनात आणली. तुटलेला काठ तसाच, कंगोऱ्यासकट.

“घागर जत्रेहून येताना गाडीवरून पडली होती,” साहेबराव म्हणाले. “फोटोतली ती माझी माय हाय. केवळाबाई. मी तवा माहूरकडं रस्त्याच्या कामावर होतो. सुट्टीला आलो की हीच घागर पुढं करायची अन् म्हणायची, झिऱ्याचं हाय.”

चांगुणाने पिशवीतून काट मारलेला कागद काढला.

“काका, ओळ तशीच ठेवू?”

“ठिवा. खाली मायचं नाव घाला.” ते घागर पुन्हा बांधायला लागले. गाठ मारता मारता थांबले. “धुरपताबाईला सांगा, पाणी लई गोड होतं. मला वाटायचं, आमची नदीच तसली हाय.”