एलाडिओचा हातमोजा नाही म्हणतोय

मी एलाडिओ काराबायोचा हातमोजा बोलतोय. नीट ऐका, कारण गेला महिनाभर केलर्टन शहरात ज्याला त्याला आमच्याबद्दल बोलायचं होतं आणि आम्हाला मात्र कोणी विचारत नव्हतं. न्हावी बोलला, रेडिओवाले बोलले, ज्याला चेंडू कुठल्या बाजूनं धरायचा ते कळत नाही तोही बोलला. सगळ्यांचं एकच पालुपद: "त्या म्हाताऱ्याला देऊन टाका." आता माझी पाळी.

मी बेसबॉलमधल्या कॅचरचा हातमोजा आहे. पिचर चेंडू फेकतो, कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलतो. झेलतो म्हणजे मीच झेलतो, त्याच्या हाताला नुसता ठणका लागतो. ताशी दीडशे किलोमीटरनं येणारा चेंडू दिवसातून सव्वाशे वेळा तोंडावर घ्यायचा. करून बघा एकदा, मग म्हणा म्हातारा झाला.

टेक्सासातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. रोझेंडा नावाच्या बाईनं मला दाभणानं शिवलं, चामड्याची वादी ओढून ओढून आवळली आणि शेजारणीला म्हणाली, "हा खडूस निघणार बघ." बाईनं बरोबर ओळखलं. तीन आठवडे मी मिटायलाच तयार नव्हतो. एलाडिओनं मला गरम पाण्यात बुडवलं, लाकडी हातोडीनं बडवलं आणि शेवटी गादीखाली घालून वर स्वतः झोपला. त्याची बायको यामिलेट कडाडली, "या पलंगावर एक तर हे चामडं झोपेल, नाही तर मी!" आठवडाभर बिचारी दुसऱ्या खोलीत झोपली. तिनं मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

याला नऊ हंगाम झाले. दरवर्षी त्याच्याकडे नवे कोरे हातमोजे येतात, चकचकीत, नावं कोरलेले. तो ते कोणाला तरी देऊन टाकतो आणि मला तेल लावत बसतो.

आमच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. बाहेरगावचे प्रेक्षक ओरडतात, "एका पायावर उभे राहा रे, तेवढंच जमतं तुम्हाला!" यंदा त्यांना उत्तर द्यायला तोंडच नव्हतं. जुलै संपेपर्यंत एकशे आठ सामने झाले आणि त्यातले सत्तर आम्ही हरलो. एलाडिओ सदतीस वर्षांचा. खाली बसला की त्याच्या गुडघ्यांतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. बॅटही पूर्वीसारखी चालत नाही, दहा वेळा गेला तर दोनदा जेमतेम फटका बसतो. खोटं कशाला बोलू?

पण एक काम आम्ही करतो ते या शहरात दुसऱ्या कोणाला येत नाही. आमच्याकडे डेझ नावाचा तेवीस वर्षांचा पिचर आहे. त्याचा सर्वांत भारी चेंडू असा की फलंदाजापाशी येता येता एकदम खाली पडतो आणि मातीत आपटतो. फलंदाज हवेत बॅट फिरवतो. पण मागच्या कॅचरकडून तो सुटला तर सगळा घोटाळा, धाव पुरी करायला टपलेले त्यांचे गडी फुकटात पुढे सरकतात. म्हणून असा चेंडू टाकायला छाती लागते, आणि पिचरला ती छाती कॅचर देतो. एलाडिओ त्याला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "तू मातीत टाक, गटारात टाक, कुठंही टाक. मागचं मी बघतो." तेव्हापासून पोरगं त्याला आजोबा म्हणतं.

हे आकड्यांत दिसत नाही. आणि ॲशबी साहेबांना आकडेच दिसतात. ते आमच्या क्लबचे सरव्यवस्थापक, वय चौतीस, काखेत कायम टॅब्लेट. माणूस वाईट नाही, पण मातीत कधी बसलेला नाही. महिनाअखेरीला ते खाली, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत आले. मी एलाडिओच्या मांडीवर होतो.

"कॅलिफोर्नियाच्या संघाला तू हवा आहेस," ते म्हणाले. "ते अंतिम फेरीला जाणारच. त्यांचे पिचर कोवळे आहेत, त्यांना वळण लावणारा कोणीतरी पाहिजे. बदल्यात आपल्याला तीन पिचर पोरं मिळतात, एकोणीस-एकोणीस वर्षांची. सोन्यासारखी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

साहेब हसले. "मग नाही. तुझं दहा-पाच आहे ना."

दहा-पाच हा या खेळातला म्हाताऱ्यांचा एकमेव दागिना. मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं काढली आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात, तर त्या खेळाडूची त्याच्या मर्जीविरुद्ध अदलाबदल करता येत नाही. एलाडिओची इथंच अकरा वर्षं झालीत. त्याच्या सहीशिवाय त्याला कोणी हलवू शकत नाही.

"सोळा वर्षांत एकदा तरी अंतिम फेरी खेळलास का?" साहेबांनी विचारलं.

तिथं घाव बसला. एलाडिओचा अंगठा माझ्या शिवणीवरून फिरत राहिला, आणि मला कळलं की गडी डळमळतोय. मला काय राग आला म्हणून सांगू! अरे, एवढे मार खाल्ले ते काय निघून जाण्यासाठी?

"एकतीस तारखेच्या सामन्यानंतर सांगतो," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी सहाला यंदाच्या अदलाबदलीचं दार बंद होणार होतं.

एकतीस तारखेला सामना दुपारी एकचा. डेझ फेकत होता. चौथ्या डावात एक चेंडू सणसणत आला, मी तो घेतला, त्यांचा तिसरा गडी बाद झाला आणि माझी वादी तटकन तुटली. नंतर काही जण म्हणाले, मुद्दाम तोडली असेल. मुद्दाम तोडायची असती तर मी तीन दिवस आधी ॲशबी साहेबांच्या नाकासमोर तोडली असती. नऊ वर्षांची वादी होती, तुटली.

आमचे फलंदाज मैदानात गेले. एलाडिओनं कोणाला काही न सांगता मला काखेत मारलं आणि खेळाडू बसतात त्या कट्ट्यामागच्या बोगद्यातून कपडे बदलायच्या खोलीत गेला. मला दुसऱ्या कोणाच्या हातात तो देत नाही. दाभण काढलं, नवी वादी काढली, चष्मा लावला आणि शिवत बसला. "थांब रे खडूस, हलू नकोस," म्हणाला. इतक्यात आमचे तिन्ही फलंदाज बाद. दहा चेंडूंत! बगळेच ते. नवा डाव सुरू व्हायला आला तरी एलाडिओचा पत्ता नाही, म्हणून राखीव कॅचर हॉलिस डेझबरोबर सराव करायला मैदानात उतरला.

आता या खेळातली रीत ऐका. त्या शेवटच्या दिवशी खेळाडूला सामन्यातून मधेच बाहेर काढलं, तर त्याचा एकच अर्थ होतो: सौदा ठरला. विकलेल्या माणसाला दुखापत नको म्हणून उचलतात. मग सोबती त्याला कट्ट्यावर कडकडून मिठ्या मारतात, प्रेक्षक उभे राहतात. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे त्या दिवशी वीस हजार माणसांनी काय पाहिलं? एलाडिओ हातमोजा घेऊन बोगद्यात गेला आणि त्याच्या जागी हॉलिस आला. संपलं!

वादी ओवून आम्ही वर आलो, तर सगळे रांगेत उभे. कोणी काही बोलायच्या आत पहिली मिठी बसली. मी मधे चेंगरलो.

आमचे मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे, टिलमन. हा माणूस दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चावून टरफलं थुंकतो आणि महिन्यातून एक वाक्य बोलतो. ते म्हणाले, "अकरा वर्षांत तुला कधी चांगलं म्हटलं नाही. चुकलंच माझं. तुझ्यासारखा कॅचर मी पाहिला नाही." आणि डोळे पुसले. हॉलिस मैदानातून धावत आला, गळ्यात पडला, हुंदका दिला आणि त्याच दमात म्हणाला, "कोपऱ्यातलं तुझं कपाट मी घेतलं तर चालेल?"

डेझ मात्र मैदानातच होता. पंच हाका मारतायत, हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पाठ करून उभा. टिलमन स्वतः त्याला आणायला गेले तेव्हा आला, पण मिठी मारली नाही. "तो खालचा चेंडू आता टाकणार नाही मी," म्हणाला. "कोणासाठी टाकू?"

एलाडिओ इतका वेळ बावळटासारखा बघत होता. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे गाढवांनो!" त्यानं मला डोक्यावर उंच धरलं. "वादी तुटली होती, वादी! कुठंही चाललो नाहीये मी!"

मग टिलमननी एक टरफल थुंकलं आणि म्हणाले, "मग मी बोललो ते परत घेतो." असा हशा पिकला की पंच धावत आले.

पण वीस हजार माणसांना वादीचं कोण सांगणार? एलाडिओ जाळीचा मुखवटा चढवून बाहेर आला तर अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतंय. कुंपणाशी एक बाई अर्धा सॉसेज हातात धरून, हनुवटीला मोहरी लागलेली, ढसाढसा रडत होती. मी तिला ओळखतो. आदल्या दिवशी हीच बाई "विका त्याला!" म्हणून घसा फोडत होती. माणसांचं मला हेच कळत नाही. वस्तू जायला निघाली की यांना पान्हा फुटतो. घरात असते तेव्हा काय डोळे गहाण टाकलेले असतात?

त्या डावात त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या शेवटच्या ठाण्यावर, येऊन बसला. चेंडू सुटला असता तर सरळ धाव. एलाडिओनं दोन बोटं खाली केली. तोच चेंडू मागितला. डेझनं फेकला, फलंदाज चुकला, चेंडू मातीत आपटून वाकडा उसळला आणि मी त्याच्यावर पडलो. पडलो म्हणजे पडलोच. नव्या वादीसकट.

सामना आम्ही हरलोच, चार-दोन. साडेचारला ॲशबी साहेब कागद घेऊन खाली आले.

"निरोपही किती छान झाला," ते म्हणाले. "यापेक्षा चांगला शेवट मिळायचा नाही. सही कर."

"साहेब, आज मी माझं मयत पाहिलं," एलाडिओ म्हणाला. "चांगलं झालं, गर्दी होती. पण मी मेलेलो नाही."

"भावनेनं सामने जिंकता येत नाहीत."

"मग हिशोबानं बोलू. त्यांना मी कशाला हवाय? कोवळ्या पिचरना वळण लावायला. कोवळे पिचर इथं नाहीत? डेझ कोण आहे? आणि ती सोन्यासारखी तीन पोरं आली असती, तर त्यांचे चेंडू झेलायला इथं कोण होतं?"

"अंतिम फेरी सोडतोयस तू."

एलाडिओनं माझी नवी वादी घट्ट ओढली. "हो," तो म्हणाला. "ते मला आयुष्यभर खुपेल."

साहेबांचा चेहरा दगड झाला. "ठीक. मग उद्यापासून हॉलिस खेळेल. तू बाकावर. पोरांनाच खेळवायचंय मला."

त्यात फोन वाजला. यामिलेट होती, तिचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "टीव्हीवर सगळे तुला मिठ्या मारतायत! खोकी भरायला घेऊ का नको, तेवढं सांग!"

"नको," एलाडिओ म्हणाला.

"देवा! आणि ते घाणेरडं चामडं?"

"तेही जात नाही."

कागदावरची सहीची जागा कोरीच राहिली. सहा वाजले, दार बंद झालं.

याला दहा दिवस झाले. भिंतीवर रोज खेळणाऱ्यांची यादी लागते आणि तिच्यात एलाडिओचं नाव नसतं. एका वर्तमानपत्रानं त्याला स्वार्थी म्हटलंय, तिघा पोरांचं आणि क्लबचं नुकसान केलं म्हणून. असेल नुकसान. ती पोरं उद्या मोठी होतील आणि लोक आमच्या नावानं बोटं मोडतील. मोडू देत.

सामन्याआधी डेझ हात मोकळा करतो तेव्हा त्याच्यासमोर आम्हीच बसतो. शेजारी हॉलिसला बसवतो. त्याच्या हातून खालचा चेंडू अजून दहात चारदा सुटतो. काल एलाडिओ त्याला म्हणाला, "चेंडू आला की डोळे काय मिटतोस, लग्न लागतंय का तुझं?" तसा तो पुन्हा बसला. आज तीनदाच सुटला.

तेव्हा ॲशबी साहेब, रेडिओवाले, न्हावी, मोहरीवाल्या बाई, सगळ्यांनी ऐका. यादी तुमची, लिहा हवी ती नावं. आम्हाला बाकावर बसवा, हसा, ओरडा. माझं चामडं फाटेस्तोवर आणि त्याचे गुडघे मोडेस्तोवर आम्ही इथंच आहोत. जाता का म्हणून तुम्ही विचारलंत, आम्ही नाही म्हणालो. विषय संपला.

डेझ, बघत काय बसलास? टाक चेंडू.