फुलीची बाजू वर

आम्ही दोघे एकाच साच्यातले, एकाच दिवसाचे. मग अंडी दादाच्याच पोटात का ठेवली?

हा प्रश्न मी भिंतीला विचारला, तापवायच्या तारेला विचारला, त्या अजगरीणबाईलाही विचारला. खोक्याला कोण उत्तर देतं?

होय, मी थर्माकोलचा खोका बोलतोय. दादा साच्यातून क्षणभर आधी बाहेर पडला, म्हणून तो दादा. माझं शिक्षण म्हणाल, तर कीलुंग बंदरातल्या मासळीबाजारात झालं तेवढंच. बर्फ धरायचा, बांगडे धरायचे आणि शिव्या ऐकायच्या. म्हातारे लियाओ तिथे मासे विकतात. त्यांनीच आम्हा दोघांना धुऊन, एकात एक घालून घरी नेलं. त्यांच्या लेकीला, फेइ-युनला, अंडी उबवायला खोका हवा होता.

अंडी कोंबडीची नव्हेत, अजगराची. तिने पाळलेली, मांडीवर मावणारी अजगरीण. अंगावर शेंगदाण्याचा कूट सांडल्यासारखे ठिपके, म्हणून नाव मोआची. शेंगदाण्याच्या कुटात घोळवलेल्या चिकट लाडवाला तिकडे मोआची म्हणतात.

तर फेइ-युनने दादाला निवडलं. त्याच्या तळाला तार घातली, वर ओलसर पांढरे खडे पसरले आणि त्यात पाच अंडी ठेवली. मला काय काम? मला उपडं घालून ती माझ्यावर बसायची आणि तासन्‌तास दादाकडे बघायची! माझ्यावर बसून! मी आतल्या आत जळायचो. फुटू दे याचं झाकण, असं म्हणायचो. तोंडाला येईल ते म्हणायचो.

रोज पहाटे बाजाराला जाताना आणि दुपारी परत आल्यावर लियाओ दादाचं झाकण उघडून आत हात घालत. फेइ-युन तेव्हा झोपलेली असे, नाहीतर कामावर. मला वाटे, बघा, म्हातारासुद्धा त्याचेच लाड करतो.

महिन्याभरात अंडी पिचकली, हिरवी पडली. पाचही.

फेइ-युन खूप रडली. मग उठली आणि म्हणाली, "खोट या खोक्यातच आहे. झाकण नीट बसतच नव्हतं." तिने दादाच्या कडेवर पाय दिला. तो मधोमध मोडला. लियाओ दारात उभे होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. त्यांनी दादाचे तुकडे काखेत मारले आणि जिना उतरले.

माझ्या शापाने तो गेला असं मला वाटायचं. अजून वाटतं.

पुढच्या वर्षी मोआचीने सहा अंडी घातली आणि फेइ-युनने मला सुलटं केलं. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण दादाच्या जागेवर बसताना अंगाला काटा आला.

या वेळी तिने प्रत्येक अंड्यावर, वरच्या बाजूला, पेन्सिलीने फुली काढली.

माझा मत्सर संपला म्हणता? छे. आता तो मोआचीकडे वळला. ती बाई तारेशिवाय, विजेशिवाय, नुसतं वेटोळं घालून अंडी सांभाळते. अंडी काढून घेतल्यावर वास जावा म्हणून फेइ-युनने तिला साबणाने धुतलं, तरी ही दोन दिवस रिकाम्या जागेला विळखा घालून बसली. मी सहा अंडी पोटात घेऊनही तिच्यावर जळत होतो. तिला कोणी आई होणं शिकवलं नव्हतं. मला मात्र तळाला तार लागत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी फेइ-युन तिला पुन्हा धुवायला न्हाणीघरात घेऊन गेली. लियाओ बाजारातून आले. माझं झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं आणि खूश झाले.

"अरे वा! फुल्या काढल्यात. आली बाई अक्कल पोरीला!"

झाकण टेकवून ते स्वयंपाकघरात हात धुवायला गेले. तेव्हा मला सगळं कळलं. हेच हात! दादाच्या पोटात रोज हेच हात फिरत होते, आणि तिथलं एकही अंडं वाचलं नव्हतं.

विचार केला असता तर घाबरलो असतो. मी विचार केला नाही. वाफेने चिकटलेलं झाकण मी दातांत धरावं तसं धरलं. लियाओ परत आले, त्यांनी ओढलं. सुटेना. हिसडा दिला. मी जीव खाऊन किंचाळलो. थर्माकोल कसा किंचाळतो ते तुम्हाला माहीत आहे. माझी एक कड फुटून त्यांच्या हातात गेली.

फेइ-युन धावत आली. हातात मोआची, कोपरापर्यंत साबण.

"बाबा! हात काढा आधी!"

"ओरडतेस काय? दोन दिवस फुली वर होती, आता खाली करायची. सकाळी या कुशीवर, दुपारी त्या. तुझ्या आजीने चाळीस वर्षं बदकं काढली अशी."

"ही बदकं नाहीत!"

"अंडं ते अंडं. लेकराला कूस नको बदलायला?"

"सापाचं पिल्लू आत जिथे चिकटतं तिथेच वाढतं, बाबा. उलटं केलं की गुदमरून मरतं. म्हणून फुली. फुलीची बाजू कायम वर."

लियाओंचा हात हवेतच राहिला.

"गेल्या वर्षी..." फेइ-युन म्हणाली.

"रोज दोनदा," म्हातारा म्हणाला. "तू दमून झोपायचीस. म्हटलं, निदान एवढं तरी मी करावं."

मग तिने मोआचीला त्यांच्या हातात कोंबलं. "धरा हिला. मला खोका चिकटवायचाय."

"अगं, चावेल!"

"चावू दे. चावायलाच हवं."

सापाला कधी बोट न लावलेला तो माणूस लाकडासारखा उभा राहिला. मोआची त्यांच्या मनगटाला विळखा घालून, मान लांबवून माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा राग आला. आणि पहिल्यांदाच दयाही आली.

फुटक्या कडेला तपकिरी पट्टी लावून मी सत्तावन्न दिवस ऊब धरली. फुली हलली नाही. मग एका सकाळी कवचाला चीर पडली आणि बोटाच्या टोकाएवढं नाक बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत पाच. सहाव्याने दोन दिवस घेतले. दादाने हे पाहायला हवं होतं. त्याने माझा हेवा करायला हवा होता.

पिल्लं वेगवेगळ्या डब्यांत गेली. उघड्या, उजेडाच्या डब्यांत ती कोपऱ्यात डोकं खुपसून बसली.

"लपायला जागा नसेल तर ही जेवत नाहीत म्हणे," लियाओ म्हणाले. आता तेच सगळीकडे चौकशी करत फिरतात.

"उद्या बाजारातून काहीतरी आणू."

"उद्या कशाला?"

त्यांनी मासे कापायची सुरी घेतली आणि माझ्या भिंती मोजून कापल्या. सहा छोटी छपरं झाली. शेवटचं सर्वांत उशिरा आलेल्या पिल्लावर ठेवलं. ते थोडं मागे सरकलं, माझ्याखाली शिरलं आणि मी त्याच्यावर अंधार धरला.