शापाच्या चार ओळी

दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासणारा चांगला शहाणासुरता माणूस सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून एल्फ आणि राक्षसांचे खेळ खेळवतो, हे त्याच्या बहिणीला कधीच पचलं नाही. खेळाची गोष्ट तो सांगायचा आणि बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचे, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरचं वेड इतकं की त्याने स्वतःच एक खेळ रचला, त्याच्या नियमांचं पुस्तक लिहिलं आणि आपल्याच छापखान्यात छापूनही घेतलं.

त्या पुस्तकात लांब कानांच्या एल्फांची दोन कुळं होती. चित्रं एकाच शाईत छापायची, त्यामुळे दोन्ही कुळं जुळ्या भावांसारखी दिसायला लागली. मास्तर चित्रकाराला म्हणाला, "एक कूळ काळं भरून टाक." झालं. आता ते काळे का, याला काहीतरी कारण नको? जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, त्याने चार ओळी खरडल्या. या कुळाने आपल्या राणीला दगा दिला, राणीने शाप दिला, त्यांची कातडी काळी पडली आणि ते तोंड लपवायला जमिनीखाली गेले. वर एक नियमही ठोकून दिला. काळा एल्फ शहराच्या वेशीवर आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहाच्या खाली पडलं तर पहारेकरी आत सोडणार नाही. फार डोकं लावलं असेल असं वाटतंय का तुम्हाला? छे हो. पोटात कावळे ओरडत होते, एवढंच.

पुढे पाच-सहा वर्षांनी बहिणीची मुलगी खेळायला यायला लागली. बारा वर्षांची, घरात सगळ्यांत सावळी. तिला काय फासायचं आणि काय पाजायचं यावर आत्या आणि काकवांचं तोंड दिवसभर चालू असायचं. मास्तर मात्र तिच्या रंगावरून एका शब्दाने कधी बोलला नाही, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. पहिल्याच दिवशी पुस्तक चाळून तिने काळ्या एल्फवर बोट ठेवलं. "मामा, ही माझ्यासारखी आहे. मी हिलाच घेणार."

मग दर खेपेला वेस आली की मंडळी खुशीत यायची. "चला, काळूबाई, टाका फासा." फासा पडायचा सात, कधी चार. बाकीचे शहरात जाऊन राजवाडे बघायचे, लढायचे, आणि ही तासभर हनुवटी हातावर टेकून वेशीबाहेर बसायची. मध्येच उठून सगळ्यांना पाणी आणून द्यायची. एकदा तिने विचारलं होतं, "आजच्या दिवस जाऊ दे ना मामा?" मास्तर म्हणाला, "नियम म्हणजे नियम." वर्षभराने तिचं येणं बंद झालं. परीक्षा आहे म्हणाली, आणि या भल्या माणसाने तेही खरं मानलं.

त्याला आता सतरा वर्षं झाली. पुस्तकाची नवी आवृत्ती एका मोठ्या प्रकाशनाकडून निघायची होती, या वेळी रंगीत. तिथल्या संपादक बाईंनी फोन केला. "त्या शापाच्या ओळी आता चालणार नाहीत. शुक्रवारपर्यंत दुसरं काहीतरी द्या." मास्तर लगेच हो म्हणाला. लिहायला बसला तेव्हा पुस्तक उघडून त्या चार ओळी त्याने पहिल्यांदाच भाचीच्या डोळ्यांनी वाचल्या. मी हे तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलंय, त्याला आठवलं. दोनदा तरी.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या लॅबमध्ये गेला. भाची खोटे दात बनवायची. खिडकीपाशी बसून, पांढऱ्याच्या सोळा छटांची पट्टी हातात धरून, ती एका दाताचा रंग जुळवत होती. त्याला बघून तिने मास्क खाली केला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाला. वाटेत जुळवलेलं लांबलचक भाषण जागच्या जागी विरलं. "त्या ओळी मी काढतोय. त्यांच्या जागी तू लिही. तुझं नाव घालू पुस्तकात. माझी फार इच्छा आहे."

"मी लिहिलं होतं, मामा."

"कधी?"

"तेव्हाच. अख्खी वही भरून. त्यांना कुणी शाप दिलाच नव्हता. खाली नदीचा आवाज ऐकू यायचा म्हणून ते आपणहून खाली राहायला गेले. रंग आधीपासून तसाच होता, त्याला कारण-बिरण काही नव्हतं. तुला वाचायला दिली होती मी."

मास्तर आठवायला लागला. काही केल्या आठवेना.

"तू शुद्धलेखन सुधारलंस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "सगळे ऱ्हस्व-दीर्घ. आणि शेवटी लिहिलंस, छान आहे, पण पुस्तकात असं नाही."

"ती वही कुठे आहे?"

"गेली असेल रद्दीत."

"पुन्हा लिहिशील? वेळ मागून घेतो मी."

तिने दात उजेडात धरला, पट्टीवरची एक छटा शेजारी लावून पाहिली आणि मान हलवली. "नाही रे मामा. तेव्हा मला ते सगळं खरं वाटायचं. आता मी नुसतं काहीतरी जुळवून देईन, आणि तुला ते आवडेलही." मग तिने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला, तरी तिने मागवला.

शुक्रवारी संपादक बाईंचा फोन आला. शापाच्या ओळी आणि वेशीचा नियम काढा, मास्तर म्हणाला, त्या जागी काही येणार नाही.

"असं कसं? तुम्हाला काहीच सुचलं नाही?"

"भाचीने लिहून दिलं होतं. मी परत केलं."

बाईंना काही उलगडा झाला नाही. पानावर जागा मोकळी दिसेल, म्हणून चित्र थोडं मोठं करते, असं त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाला, करा.