कच्च्या माशांचा वाडगा

देल्फिना ठणठणीत होती, आणि गावाच्या लेखी हाच तिचा गुन्हा होता.

इलोकोसच्या किनाऱ्यावरल्या त्या गावात माणसं महिनोन्‌महिने जुलाबांनी झिजत होती. देल्फिनाचा नवरा उर्बानो, एकट्याने होडी ओढणारा गडी, आता खाटेवर हाडांचा सापळा होऊन पडला होता. त्याच्या पोटातली गुरगुर अंगणात ऐकू यायची. सासू सातुर्निनाने निकाल कधीच लावला होता. डोंगरातून आलेल्या सुनेने करणी केली.

"एकाच जाळ्यातले मासे खातो आपण. मग तुला कसं काही होत नाही गं, सटवे?"

"मी शिजवून खाते म्हणून! डॉक्टर घसा फोडून सांगून गेला ना? कच्च्या माशांतून किडे आतड्यात जातात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही."

"मोठा आला डॉक्टर! याच्या बापाने उसाच्या दारूबरोबर जन्मभर असेच खाल्ले. त्याला नाही चावले किडे!"

डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्यावर उर्बानो उठून बसू लागला होता, भात मागू लागला होता. मग पुन्हा ढासळला. का, ते देल्फिनाला आज कळलं. उर्बानोला दवाखान्यात न्यायला रेड्याची गाडी सांगून ती शेतावरून लवकर परतली, तर म्हातारी लेकाच्या उशाशी बसून वाडग्यातले कच्चे मासे मीठ लावून भरवत होती. देल्फिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मारताय तुम्ही त्यांना! पोटच्या गोळ्याला मारताय!"

"मी मारतेय? उपाशी तू ठेवलंस. बघ, आईच्या हातचं कसा खातो."

"अहो, थुंका ते!" देल्फिनाने नवऱ्याचा खांदा धरला. "गाडी दारात आलीय. उठा, मी धरते."

उर्बानोने तिच्याकडे पाहिलंच नाही. आईकडे मान वळवली आणि आ केला.

"बघितलंस?" म्हातारीने घास भरवला. "आता चालती हो, चेटकीण."

देल्फिनाला रडू फुटलं, पण ते रागाचं होतं. डोळे पुसताना तिला म्हाताऱ्या सासूमागे बसलेली लुसिंग दिसली, तिची स्वतःची चिमुरडी लेक. गाल फुगवून काहीतरी चावत होती.

"हिलाही देता?"

"देते. रोज देते. माझं रक्त आहे ते!"

देल्फिनाने पोरीच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. पोर किंचाळली. तिला काखोटीला मारून ती बाहेर आली, आणि गाडीत नवऱ्यासाठी अंथरलेल्या गोधडीवर तिने लेकीला निजवलं.

"पळाली बघा चेटकीण! नातीला घेऊन पळाली!" म्हातारी दारातून ओरडत होती. शेजारी जमले. कुणीतरी दगड भिरकावला, तो देल्फिनाच्या पाठीत बसला. लेकीला लागू नये म्हणून ती तिच्यावर ओणवी झाली.

तेव्हा पोरीच्या पोटातली गुरगुर तिला ऐकू आली.

"हाक रे," ती गाडीवाल्यावर ओरडली, "रेडा मेला तरी चालेल, हाक!"