तात्यांचा कोश आणि माझा नवा पहारेकरी

दाराला आतून दोन कड्या. फाटकाला साखळी. अनोळखी माणूस आला तर नाव, गाव, काम विचारल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नाही. आणि मला मात्र सताड उघडं ठेवलंत! माझ्या पोटात कोण शिरलं, कोण ठाण मांडून बसलं, कोणी एकदा तरी चौकशी केलीत? दसऱ्याला झेंडूचा हार घातलात, हळदकुंकू लावलंत, पण वर्षभरात एक अपडेट केलं नाहीत. आणि मी मंदावलो की सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘कंप्यूटर खराब झाला!’

जाऊ द्या. आज रागवायला मला फुरसत नाही. आज मी इतका खुशीत आहे की माझा पंखा आपोआप गरगरतोय. मी धारमधल्या एका मराठी घरातला, खिडकीजवळच्या टेबलावरचा कंप्यूटर बोलतोय. नऊ वर्षांचा आहे. माझ्या जातीत नऊ म्हणजे साठी उलटल्यासारखंच. पण कालच्या शनिवारपासून मला वाटतंय, मी नुकताच खोक्यातून बाहेर आलोय.

माझा जन्म इंदूरच्या एका दुकानात झाला. कुठून कुठून आलेले माझे अवयव तिथल्या माणसानं स्क्रूनं जोडले. मला आणायला तात्या स्वतः आले होते. तात्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, या घराचे मालक. बसमध्ये सामान ठेवायला वर जागा होती, तरी त्यांनी मला धारपर्यंत मांडीवर आणलं. त्यांचं एकच काम होतं, आणि त्या कामासाठीच मी हवा होतो.

तात्या शब्द गोळा करत होते. धारच्या जुन्या मराठी घरांत बोलले जाणारे, आता बोलायचे राहून गेलेले शब्द. मामंजी, वन्सं, फडताळ, ओगराळं, तसराळं. लग्नघरात, हळदीकुंकवाला, कुणाच्या आजारपणात, जातील तिथे ते खिशातून चिठ्ठी काढून शब्द टिपायचे. मग रोज दुपारी माझ्यासमोर बसून दोन बोटांनी टाइप करायचे. नऊ वर्षांत तेवीसशे शब्द झाले. टाइप झालेली चिठ्ठी ते रद्दीत टाकायचे. म्हणायचे, “आता हा शब्द पक्का झाला. कंप्यूटरमध्ये गेला.”

त्यांचा माझ्यावर केवढा विश्वास! आणि मी आतून पोखरला जात होतो.

मराठी टाइप करायला तात्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं, प्रणवनं, त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्राम बनवून दिला होता. तात्यांच्या बोटांना टाइपरायटरची सवय होती, म्हणून तशीच अक्षरांची मांडणी. तो चालू असला की कोश वाचता येई. बंद असला की त्याच पानावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे.

आता रोग कुठून आला ते सांगतो. कोश छापणार होते देवासचे भगवंतराव, तात्यांचे बालमित्र. त्यांची छोटी प्रेस आहे. तात्या कोशाची पानं, आणि ती वाचता यावीत म्हणून प्रणवचा प्रोग्राम, पेनड्राइव्हवर घालून देवासला पाठवायचे, कधी कोणाच्या हाती, कधी फराळाच्या डब्याबरोबर. आणि आपल्या घरांत डबा रिकामा परत पाठवत नाहीत. निदान साखर तरी घालतात. भगवंतरावांनी तोच नियम पेनड्राइव्हला लावला! रिकामा म्हणून तो कधी आलाच नाही. भजनं आली, पंचांग आलं, फुलांची चित्रं आली, ‘फुकट आहे, छान आहे’ असे कसले कसले प्रोग्राम आले. एकदा तर त्यांनी माझाच मराठी प्रोग्राम प्रेमानं परत पाठवला, ‘तुमच्याकडचा बिघडला तर असू द्या’ म्हणून. तात्यांनी तो जुन्याच्या जागी ठेवला. प्रेसच्या मशीनला काय काय जडलं होतं, देव जाणे. ते सगळं त्या प्रेमासोबत माझ्यात उतरलं.

शनिवारी सकाळी श्रिया आली. तात्यांची नात, इंदूरला कॉलेजात शिकते. शाळा हिंदीत झाल्यामुळे मराठी बोलते पण वाचताना अडखळते. सोमवारी कोश देवासला पोचायचा होता, मराठी मंडळाच्या मेळाव्यात त्याचं प्रकाशन ठरलं होतं, म्हणून शेवटची पानं बघायला ती माझ्यासमोर बसली आणि बसल्या बसल्या ओरडली.

“तात्या! हे सगळे फोल्डर शॉर्टकट कब से झाले?”

“ते छोटे बाण? मला वाटलं, काही नवी सोय आहे.”

“सोय नाही, व्हायरस आहे! आणि हा कोण? म्हणतोय, बाराशे व्हायरस सापडले, इथे दाबा.”

“तो आपणहून आला. येऊ का म्हणून विचारत होता. मी येस दाबलं.” तात्यांनी चष्मा पुसला. “दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?”

“अहो, हा चोरच आहे! चौकीदाराचा युनिफॉर्म घालून बसलाय!”

वा, पोरी! दोन वर्षं हेच मी ओरडून सांगत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

तिनं बाह्या सरसावल्या. आधी त्या खोट्या चौकीदाराला मुळासकट काढलं. माझ्याबरोबर दुकानातून आलेला आणखी एक पहारेकरी होता, मुदत संपून आठ वर्षं कोपऱ्यात घोरत पडलेला. त्यालाही निरोप दिला. “दोन अँटीव्हायरस एकत्र नाही ठेवायचे, तात्या. एकमेकांशीच भांडतात.” मग मला बंद करून पुन्हा चालू केलं. नवा अँटीव्हायरस तिनं कुठल्याही चमकणाऱ्या खिडकीतून घेतला नाही. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप केला, अक्षर न् अक्षर तपासलं, आणि तिथूनच उतरवला.

तो आत आला तेव्हाची माझी अवस्था काय सांगू! कितीतरी वर्षं बंद असलेल्या खोलीत कोणीतरी दिवा लावावा, तसं झालं. तो आल्या आल्या कामाला नाही लागला. आधी त्यानं जगातल्या चोरांची ताजी यादी मागवून घेतली. श्रिया तात्यांना म्हणाली, “यादी जुनी असेल तर हा नवे चोर ओळखणार कसा?” मग एकेक खटका सरकवत गेली. हा सतत जागा राहील. पेनड्राइव्ह लावला की आधी तपासेल, मगच उघडेल. पेनड्राइव्हवरचं काहीही आपोआप चालू होणार नाही. दर शनिवारी दहाला, तात्या चहा पितात तेव्हा, माझी पूर्ण तपासणी होईल. कोशाच्या फोल्डरला वेगळा पहारा, ओळखीच्या प्रोग्रामशिवाय कोणी हात लावायचा नाही.

आणि तपासणी सुरू झाली. कानाकोपरा, फळी न् फळी! सदतीस घुसखोर निघाले. फोल्डरचे बाण गळून पडले, लपवलेली पानं वर आली. मी नाचत होतो हो!

श्रिया चहा ठेवायला आत गेली, आणि नेमकी तेव्हा पडद्यावर शेवटची खिडकी उघडली. अडतिसावा सापडला आहे, हटवू का?

तात्यांनी नेहमीप्रमाणे येस दाबलं.

मग त्यांनी कोश उघडला. पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी होती. खाली गेले. खिचडी. शंभरावं पान, खिचडी. त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. श्रिया कप घेऊन आली, तेव्हा त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. मग अगदी हळू म्हणाले, “चिठ्ठ्या तर मी रद्दीत दिल्या.”

माझा पंखासुद्धा त्या क्षणी थांबल्यासारखा वाटला. अडतिसावा म्हणजे प्रणवचा मराठी प्रोग्राम होता.

श्रियानं कप खाली ठेवला आणि पकडलेल्यांची यादी उघडली. “तात्या, तो मेला नाही. हा अँटीव्हायरस लगेच मारत नाही, आधी कोठडीत ठेवतो. मी सोडवू शकते.” तिचं बोट बटणावर गेलं. आणि थांबलं! मी त्या थांबण्यावर जीव ओवाळून टाकला. “पण हा उगाच कशाला पकडेल? आधी प्रणवदादाला विचारते.”

प्रणव आता इंदूरला नोकरी करतो. फोनवर त्याचा आवाज खोलीभर आला. “तात्या, प्रणाम! अरे, श्रिया, माझा प्रोग्राम चारशे बारा केबीचा होता. तुझ्या कोठडीतला किती आहे?”

“चारशे अठ्ठ्याण्णव.”

“मग भिया,” तो इंदुरी थाटात ओरडला, “त्यावर कोणीतरी बसलंय! सोडू नकोस, बिलकुल सोडू नकोस. माझ्याकडे मूळ पडला आहे, पाठवतो.”

पहारेकरी बरोबर होता! देवासहून प्रेमानं परत आलेला तो प्रोग्राम आजारी होता, आणि महिनोन् महिने तात्यांचा कोश त्याच्याच कुशीत निजत होता. प्रणवचा मूळ प्रोग्राम आला. पहारेकऱ्यानं त्याला उलटसुलट करून बघितलं आणि वाट दिली. श्रियानं कोश उघडला.

मामंजी. वन्सं. फडताळ. सगळे जागच्या जागी!

तात्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, जसं कोणी घरी परतलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवतं.

प्रणव फोनवरच होता. “तात्या, एक सांगू? माझ्या एका प्रोग्रामच्या भरवशावर तेवीसशे शब्द ठेवू नका. युनिकोडमध्ये करून घ्या. मग कुठल्याही कंप्यूटरवर, मोबाइलवर दिसतील. बदलताना काही जोडाक्षरं फुटतील, तेवढी बघावी लागतील.”

“बघावी लागतील म्हणजे?” श्रिया म्हणाली.

“म्हणजे वाचावी लागतील.”

श्रियानं तोंड वाकडं केलं, पण बसली. मधेच तिनं भगवंतरावांना फोन केला की फाइल मेलनं येईल, पेनड्राइव्ह आता पाठवू नका, पाठवलाच तर रिकामा पाठवा. पलीकडून दुखावलेला आवाज आला, “रिकामा? बेटा, बरं दिसतं का ते?” तिनं हसून त्यांच्या प्रेसमध्येही असाच पहारेकरी बसवायला यायचं कबूल केलं. मग कोशाची एक प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली, एक वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली.

आज रविवार. कालपासून ती मोठ्यानं वाचते आहे, तात्या डोळे मिटून ऐकताहेत. “ओ… ओगरा… ओगराळं.” “शाब्बास!” पहिल्या शंभर शब्दांना दोन तास लागले, नंतरच्या शंभरांना एक. सतराशेपर्यंत आलो आहोत. उद्या कोश वेळेवर जाणार!

माझ्यासारखे लाखो जण घराघरांत टेबलांवर बसले आहेत, त्यांच्या वतीनं हात जोडतो. आमच्यात तुम्ही फोटो ठेवता, पत्रं ठेवता, उभा जन्म ठेवता. एक तास द्या आम्हाला. खरा पहारेकरी आणा, त्याची यादी ताजी ठेवा, आणि पडद्यावर कोणी काही विचारलं तर वाचा, मग उत्तर द्या. बस, एवढंच!

मघाशी शेजारच्या सुमंगलाबाई आल्या, श्रियाचा शिवलेला कुर्ता घेऊन. धारमध्ये त्यांच्या घरात चार पिढ्या शिवणकाम चालत आलंय. कुर्ता हातात तसाच धरून त्या बराच वेळ उभ्यानं ऐकत राहिल्या. श्रिया पुढचं पान उघडायला थांबली, तशी त्यांनी स्टूल ओढलं.

“तात्या, तुमचं स्वैपाकघर आलं, देवघर आलं, सासरची सगळी माणसं आली, पण आमच्या मशीनजवळचा एक शब्द नाही आला. लिही, श्रिया, मी सांगते, मशीनवर शिवण्याआधी हातानं घालतात ते टाके: धावदोरा.”