उजव्या घडीचं कार्ड

निशाच्या तोंडाला लगाम नाही, हे गारखेड्यातल्या तिच्या गल्लीत कुणीही सांगेल. मनात वाईट काही नसायचं, पण बोलणं असं की समोरच्याच्या काळजाला घरं पडावीत. नवरा कृष्णा म्हणायचा, "कार्डांवर एवढं गोड गोड लिहितेस, त्यातलं चमचाभर बोलण्यात टाक की." त्यावर ती हसायची. आता हसत नाही.

हातानं बनवलेल्या भेटकार्डांचा तिचा उद्योग तिच्या एकटीचा नव्हता. निम्मा हसीनाआपाचा. आपा शहागंजात राहायची, निशाहून सात वर्षांनी मोठी. नऊ वर्षं, सुट्टीचे वार सोडले तर, रोज अकराच्या ठोक्याला तिची रिक्षा निशाच्या दारात थांबायची. हॉलच्या खिडकीखाली ते मशीन होतं, दोन रुळांचं, हातानं फिरवायचं. लोखंडी साच्यावर कागद ठेवायचा, वर पाटी ठेवायची, दांडा फिरवला की पलीकडून फूल, पान, चांदणी, पोपट कापून बाहेर. ऐकायला काय, सोपंच वाटतं. पण जाड कागदाला दाब किती अन् पातळ कागदाखाली पुठ्ठा कसला, हे आपाच्या मनगटालाच ठाऊक. तिनं कापलेल्या पोपटाची चोच नऊ वर्षांत एकदाही तुटली नाही. आपा कापायची, निशा चिकटवायची अन् लिहायची. एकीनं दुसरीच्या कामात हात घालायचा नाही. आपा तर डिंकाच्या बाटलीला बोट लावत नव्हती. "चिपकाना तेरा काम," म्हणायची.

अन् घडीची गंमत तर रोजचीच. मराठी कार्डाची घडी डावीकडं, आपल्या पुस्तकासारखी. ईदच्या कार्डाची घडी उजवीकडं, कारण उर्दू उजवीकडून वाचतात. आपा उर्दू शाळेत शिकलेली. मराठी बोलायची फर्डी, वाचायची मात्र अडखळत. कुठलंही कार्ड हातात दिलं की आधी घडी उजवीकडं करून धरायची. मग मराठी कार्डाची पाठच तिच्यासमोर यायची.

"या खुदा! निशा, हे तर कोरंच दिलंस!"

"आपा, उलटं धरलंयस."

"उलटं तुझं. माझं सीधंच हाय."

नऊ वर्षं हाच एक विनोद, अन् नऊ वर्षं दोघी त्याला हसायच्या. दर ईदला निशा तिच्यासाठी म्हणून एक उजव्या घडीचं कार्ड करायची, न चुकता.

मग आला तो शिक्का. राखीच्या आधी एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. कार्डाच्या पाठीवर मारायला निशानं शहागंजातनं रबरी शिक्का करून आणला. 'निशाची भेटकार्डं, गारखेडा.' टेबलावर कार्डं मांडता मांडता आपानं एक उचललं, घडी उजवीकडं केली, अन् एकेक अक्षर लावत वाचलं.

"माझं नाव किधर हाय गं?"

समोर दोन बायका कार्डं चाळत उभ्या. खरं सांगायचं तर निशाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तसं म्हणाली असती, "चुकलं गं आपा," तर तिथंच मिटलं असतं. पण नाही! जिभेला हाड नसतं ते हे असं.

"आता कापणाऱ्याचं नाव कुणी टाकतं होय आपा? सदऱ्यावर शिंप्याचं नाव असतं. कात्रीचं नसतं."

त्या दोन बायका हसल्या. आपा हसली नाही. संध्याकाळपर्यंत टेबलाशी उभी राहिली, गिऱ्हाइकांना कार्डं दाखवली. मग निशाच्या घरी येऊन सगळे साचे पुसले, फडक्यात बांधले, मशीनवर ओढणीचा पदर फिरवला अन् गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, रिक्षा आली नाही.

"येईल की. जाते कुठं?" निशा म्हणाली. आठवडा गेला, महिना गेला. फोन हातात घ्यायची अन् ठेवून द्यायची. चूक आपली, हे कळत होतं बरं का. पण कळून उपयोग काय, मान आडवी ती आडवीच. स्वतःच दांडा फिरवायला लागली, तर एकाही पोपटाला धड चोच नाही. गिऱ्हाइकांनाही कळेना की कार्डांत बिघडलं काय. ईद आली अन् गेली. त्या वर्षी उजव्या घडीचं एकही कार्ड झालं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा ती कागद आणायला शहागंजात गेली. कागदवाल्या जब्बारभाईंनी गठ्ठा बांधता बांधता विचारलं, "हसीनाबीला भेटून आल्या का? लई दिवस झाले दवाखान्यात. किडनीचं दुखणं. तुम्हाला ठावं नाय?"

दवाखाना दहा मिनिटांवर होता. पण जायचं तर कुठल्या तोंडानं? तिथनं ती तडक शिक्केवाल्याकडं गेली. नवा शिक्का करायला टाकला, 'हसीना आणि निशा'. तो म्हणाला, चार दिवस लागतील. चार दिवस थांबायला तिला धीर कुठला? घरी आली अन् कार्ड करायला बसली.

शेजारी ऐंशी कार्डांची ऑर्डर अर्धवट पडली होती. ती बाजूला सारली. सहा पोपट चोच तुटून वाया गेले, सातवा अख्खा निघाला. तो कार्डावर चिकटवला. आत मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, आपाला वाचायला सोपं जावं म्हणून. 'आपा, चुकले मी. नवा शिक्का करायला टाकलाय. तुझं नाव आधी. तू नाहीस तर पोपटांना चोची येत नाहीत. ये ना.' कडेवर लाल कागदाची नाजूक पट्टी लावून कार्ड बंद केलं. उघडलं की ती पट्टी फाटते. जब्बारभाईंकडनं ते आपाच्या मुलीकडं, सदफकडं पोचवलं.

मग फोनची वाट बघणं. भाजी निवडताना फोन समोर, अंघोळीला जाताना फोन खिडकीत. एक आठवडा, दुसरा आठवडा. नवा शिक्का आणून ठेवला, तो डबीतच राहिला. तिसऱ्या आठवड्यात सदफच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर आपाचा फोटो आला, खाली दुआ. आपा गेली होती. निशा शहागंजात त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. पुढं पाऊलच उचलेना. तिथनंच परत आली. चाळीस दिवस एकच प्रश्न तिला खात होता. आपानं माफ केलं की नाही? कार्ड वाचलं असेल, तर एक शब्द तरी का नाही पाठवला?

आपाचा चाळिसावा दिवस झाल्यावर एके दिवशी अकराच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. निशा ताडकन उठली. सवय, दुसरं काय. सदफ होती, हातात दोन पाकिटं घेऊन.

"खाला, हे दोन्ही तुमचंच हाय. म्हणून आणलं."

पहिल्या पाकिटात निशाचंच कार्ड होतं. कडेवरची लाल पट्टी जशीच्या तशी, अख्खी.

"उघडलंच नाही तिनं?" निशानं पट्टीवरनं बोट फिरवलं.

"नाय. मीच पाकिटातून काढून अम्मीच्या हातात दिलं. अम्मीनं पाहिलं, लई वेळ पाहिलं. मग परत पाकिटात टाकलं. बोली, 'निशाने ठप्पा भेजा है.' बस."

"ठप्पा? कसला ठप्पा?"

सदफनं कार्ड हातात घेतलं. घडी उजवीकडं केली, जशी तिची आई करायची. समोर कार्डाची कोरी पाठ आली अन् त्या पाठीवर, बरोब्बर मधोमध, जांभळ्या शाईत: 'निशाची भेटकार्डं, गारखेडा.'

निशानं कार्ड तिच्या हातातनं ओढून घेतलं. हे मी कधी केलं? कधी? मग आठवलं. ऐंशी कार्डांचा गठ्ठा शेजारी, उघडं शाईचं पॅड, अन् हाताची सवय. कार्ड झालं की उलटायचं अन् ठोकायचं. वर्षभर उजव्या घडीचं एक कार्ड केलं नव्हतं, हात सरळ डाव्या घडीवर गेला. डोकं माफी मागत होतं अन् हात आपला शिक्का मारत होता. जिभेनं एकदा घात केला, तो कळला तरी होता. हातानं केला तो कळलासुद्धा नाही. आपाला मरताना वाटलं असणार, हिनं दवाखान्यातसुद्धा माझ्या छातीवर स्वतःचंच नाव ठोकून पाठवलं.

"अगं सदफ, तसं नव्हतं गं," ती रडत रडत म्हणाली. लाल पट्टी स्वतःच फाडून तिनं आतलं लिहिलेलं दाखवलं. सदफनं वाचलं. तिचेही डोळे भरून आले, पण ती तरी काय करणार? ज्यानं वाचायचं, ते माणूस गेलं होतं.

"अन् हे दुसरं?"

"ते अम्मीनं दवाखान्यात जायच्या आधी केलंय. दिवाळीला तुमच्याकडं द्यायचं म्हणत होती. तुमचं कार्ड आलं, मग बोली, राहू दे."

दुसऱ्या पाकिटात एक पोपटी कार्ड होतं, नुसतं दुमडलेलं, आत-बाहेर कोरं. अन् एका कागदी पुडीत सुटी कात्रणं. चार पानं, एक फांदी, दोन पोपट. मशीन तर इथं होतं. म्हणजे आपानं हे कात्रीनं कापलं होतं, सुजलेल्या हातांनी, अंथरुणात बसून. दोन्ही पोपटांच्या चोची टोकदार, अख्ख्या. काहीच चिकटवलेलं नव्हतं. चिकटवायचं काम निशाचं.

अन् घडी डावीकडं होती. आपानं, नऊ वर्षं प्रत्येक कार्ड उजवीकडनं धरणाऱ्या बाईनं, आठवणीनं घडी डावीकडं घातली होती. तिच्या निशाला सीधी यावी म्हणून.

सदफ गेल्यावर निशानं डिंकाची बाटली घेतली. आधी फांदी, मग पानं, मग शेजारी शेजारी दोन पोपट. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान तिरकी करून तिनं चिकटवलं. मग डबीतला नवा शिक्का काढला, कार्ड उलटलं अन् सावकाश दाबला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय म्हणायचं त्याला.

शाई वाळल्यावर तिनं कार्ड हातात घेतलं अन् आपासारखी घडी उजवीकडं करून धरलं. समोर पहिलं नाव हसीनाचं आलं. "बघ आपा, आता सीधं हाय," ती म्हणाली, अन् खिडकीखालच्या मशीनवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.