कोवळ्या दुधीकडे बोट

शिमगा तोंडावर आला होता. बाहेर पळस पेटला होता आणि वरंधच्या अंगणवाडीत, चटईच्या मधोमध बसलेल्या तेजश्रीची शाळेसाठीची तयारी मोजली जात होती.

मोजणारी शगुफ्ता महाडची. पदवी घेऊन, अनेक देशांत एकाच पुस्तिकेने चाललेल्या या पाहणीत हंगामी कामाला लागलेली. शेजारी पुण्याहून आलेला पर्यवेक्षक ओंकार, मांडीवर नियमपुस्तिका. दाराशी तेजश्रीची आजी, ठकूबाई. जे मूल ‘तयार नाही’ ठरेल त्याला पहिलीत न घेता आणखी वर्षभर अंगणवाडीत ठेवायचे, असे शाळेने कबूल केले होते. त्या एका वर्षाचा अर्थ ठकूबाईला ठाऊक होता. थोरल्या नातीला असेच थांबवले. तेवढ्यात पाळण्यात भाऊ आला, मग गुरे आली, आणि शाळेची वाट गवताखाली मिटून गेली.

“सर्वांत मोठा चेंडू दाखव,” शगुफ्ता म्हणाली.

तेजश्रीचे बोट सरळ गेले.

पुढच्या कार्डावर वेल होता. “आता सर्वांत लहान दुधी?”

मुलीने बोट उचलले, थबकली. मग ते दुमडून, केवळ पेराने, टोकाला फूल चिकटलेल्या कोवळ्या दुधीला तिने हलकेच स्पर्श केला.

शगुफ्ताला हसू आले. तुडील गावच्या नानीने लहानपणी तिच्याही बोटांवर चापट्या मारून हेच शिकवले होते: कोवळ्या फळावर सरळ बोट रोखायचे नसते, फळ कुजते.

“शून्य,” ओंकार म्हणाला. “पहिल्या शून्याला चाचणी संपते. इथेच थांबवा.”

“सर, बरोबर दाखवलं तिने.”

“मिटलेली मूठ म्हणजे प्रतिसाद नाही. वाचा.”

“मुद्दाम मिटलीय. चेंडूला बोट सरळ होतं, तुम्हीही पाहिलंत. कोवळ्या फळाकडे इथे कोणी—”

“समजलं मला. पण आज वरंधला सूट दिली, तर उद्या केनियाला द्यावी लागेल. मग तुलना कशाची करायची?”

“काय झालं गो बाय?” ठकूबाईने विचारले. “चुकली काय पोर?”

“नाय आजी. पण यांना सरळ बोट हवंय.”

“दुधीवर? मास्तर, तुझ्या आयशीनं तुला काय शिकवलं नाय काय रे?”

ओंकारचे कान लाल झाले. “आजी, हे चित्र आहे. चित्रातला दुधी कुजत नाही.”

“मंग शाळेत बसवायला चित्रातलीच पोर घेऊन जा!”

ओंकारने कार्डे गोळा करायला घेतली. “तयार नाही,” तो शगुफ्ताला म्हणाला, तशी ठकूबाई दारातून पुढे झाली. ती चटईवर आली. नातीची मूठ तिने आपल्या रापलेल्या हातात घेतली आणि एक बोट उलगडू लागली.

“दाखव गो. कुजला तं कुजू दे. शाळेत जायचं हाय ना?”

“तूच तं नको म्हनतंस,” तेजश्री हात ओढत म्हणाली. “आपला वेल मरंल.”

आजीने जोर केला. सरळ झालेले बोट चित्रातल्या फुलावर टेकले. पोरीने हात काखेत लपवला आणि आवाज न करता ती रडू लागली.

“आता उपयोग नाही,” ओंकार सौम्यपणे म्हणाला. “दुसरी संधी नियमात नाही.”

तो सौम्यपणा शगुफ्ताला चाबकासारखा लागला. जन्मभर जपलेली शिकवण या म्हातारीने आपल्याच हाताने मोडली होती, आणि ते मोडणेही जमेस धरले जाणार नव्हते! ही कसली पट्टी, जी मुलीची उंची घेण्याआधी तिचा कणा वाकवते?

“निकालावर सही माझी लागते ना, सर?”

“अर्थात.”

शगुफ्ताने पेनाचे टोपण लावले. “मग ती मिळणार नाही. सहीवाचून निकाल शाळेला कळवता येत नाही, हेही तुमच्याच पुस्तिकेत आहे. निकाल नाही, तर तिला अडवणंही नाही. जूनमध्ये ती वयाप्रमाणे पहिलीत बसेल.”

“काम जाईल तुमचं.”

“जाऊ दे.”

“रागाच्या भरात बोलताय तुम्ही.”

“हो. रागातच बोलतेय. त्यासाठी रकाना आहे का तुमच्याकडे?”

ओंकारने पुस्तिका मिटली. ठकूबाईने नातीचा हात काखेतून सोडवला आणि ते बोट पुन्हा दुमडून ठेवले, फार हळू, जणू कोवळ्या देठालाच हात लावत होती.

“जाशील गो शाळेत,” ती म्हणाली.

तेजश्रीला ते ऐकू गेले की नाही कोण जाणे. ती उठली, आणि मूठ घट्ट आवळून घरामागच्या वेलाकडे धावत सुटली.